कचेरी किती कोसांवर?

आमच्या मंगळवेढा तालुक्यात साडेचार वर्षं हिंदुस्थानची राजधानी होती असं सांगितलं, की सोलापूरची माणसंसुद्धा हसतात. पण ते खरं आहे. १६९५ च्या मे महिन्यात औरंगजेब भीमेकाठच्या ब्रह्मपुरीला येऊन उतरला. गावाचं त्यानं इस्लामपुरी करून टाकलं आणि १६९९ च्या ऑक्टोबरात मराठ्यांचे किल्ले घ्यायला बाहेर पडेपर्यंत तो तिथंच होता. काबूलपासून बंगालपर्यंतच्या नेमणुका या डगरीवरून व्हायच्या. जिंजी पडली ती बातमी इथं आली. शाहूराजे आणि येसूबाई याच छावणीत कैदेत होते. शेजारच्या माचणूरचा किल्ला आणि सिद्धेश्वराचं देऊळ अजून आहे. नदीपलीकडं बेगमपुरात एक कबर आहे, बादशहाच्या घरातल्या कुणा बाईची म्हणून दाखवतात.

माझ्या आज्जाला यातली सनं ठाऊक नव्हती. त्याला ठाऊक होता तो कडबा. आमचं गाव ब्रह्मपुरीच्या दक्षिणेला दहाबारा कोस. बादशहाच्या हत्ती-घोड्यांना वैरण पुरेना, तेव्हा स्वार आमच्या माळापर्यंत आले आणि गावाच्या साऱ्या गंजी उचलून घेऊन गेले, ही आमच्या गावच्या इतिहासातली पहिली गोष्ट. त्याच्या आधीचं काही नाही. दुसरी गोष्ट भीमेच्या पुराची. १६९७ च्या पावसाळ्यात भीमा अशी चढली की निम्मी छावणी वाहून गेली. बादशहानं स्वतःच्या हातानं दुवा लिहून कागद पाण्यात सोडले, तेव्हा पाणी उतरलं म्हणे. आज्जा ही गोष्ट सांगून झाली की मान हलवायचा आणि म्हणायचा, "आरं, आमच्यात पाणी यावं म्हणून कुणी कागद लिवला न्हाय."

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या यात्रेला कुणाच्या पणज्यानं काय केलं यावरून भांडणं लागतील आणि ती मलाच मिटवावी लागतील. मंगळवेढ्याहून दक्षिणेला निघालं की थोडा वेळ काळीभोर जमीन दिसते. ज्वारीचं कोठार म्हणून जिचं नाव आहे ती हीच. मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही या काळीच्या जोरावर. मग हळूहळू काळी पातळ होते, मुरूम वर येतो, झाडं मागं पडतात, उरतात ती बाभळ, तरवड आणि कुसळं. तिथून पुढं आमचा माळ. वाळूच्या टेकड्या नाहीत, उंट नाहीत, पण एप्रिलात आलेल्या पाहुण्याला वाळवंट म्हणायला हरकत वाटत नाही. भीमा आणि माण, दोन्ही नद्या तालुक्याच्या उत्तरेला. आमच्याकडं ओढे आहेत, त्यातून वर्षातले काही दिवस पाणी जातं. जूनचा पाऊस आमच्याकडं नावापुरता. खरं पीक उत्तरा आणि हस्ताच्या पावसावर. हस्त कोरडा गेला की रब्बी गेली, आणि रब्बी गेली की गडी सोलापूरच्या गिरण्यांकडं जायचे.

आज्जाचा इतिहास राजांच्या नावांनी चालायचा नाही. अमक्याचं राज्य, तमक्याचं राज्य असं तो कधी बोललाच नाही. तो बोलायचा कचेरीचं. कचेरी अमुक कोसांवर होती तेव्हा असं झालं, कचेरी तिकडं गेली तेव्हा तसं झालं. सारा भरायला किती चालावं लागतं, दाद मागायला किती, आणि मेलं तरी पोचता येणार नाही अशी कचेरी कुठं आहे, या तीन अंतरांत त्याची सगळी सत्ता मावायची. पुढं मी कॉलेजात जाऊन राज्यशास्त्राची पुस्तकं वाचली. त्यांत सार्वभौमत्वाची व्याख्या होती, ती परीक्षेपुरती पाठ झाली. आज्जाची मोजपट्टी तेवढी अजून वापरात आहे.

त्या मोजपट्टीनं सगळ्यात लांबची कचेरी बिदरची. बहामनी अमलात मंगळवेढ्याच्या कोठारावर दामाजीपंत होते. दुष्काळ पडला, १४६० च्या सुमाराचा, आणि पंतांनी सरकारी पेवं लोकांसाठी उघडली. बिदरहून पकडायला माणसं आली. पंत वाटेत असतानाच विठू महार नावाचा एक माणूस बिदरच्या दरबारात हजर झाला, त्यानं धान्याची सगळी रक्कम मोजून दिली आणि पावती घेतली. गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे, आणि साऱ्या महाराष्ट्रात ती भक्तीची म्हणून सांगतात. आमच्या गावात ती पावतीची म्हणून सांगतात. देवाला सुद्धा पावती घ्यावी लागली, यावर आज्जाचा सगळा भर. सारा भरल्याच्या पावत्या तो पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. दाखवताना म्हणायचा, "ह्यो इठोबाचा धडा हाय."

(तालुक्याच्या साखर कारखान्याला दामाजीपंतांचंच नाव आहे. त्या नावाला जागणं सोपं नाही, एवढंच म्हणतो.)

मंगळवेढ्याचा मान त्याहून जुना आहे. कलचुरींची राजधानी इथं होती, बिज्जलाच्या पदरी असताना बसवेश्वर इथं राहिले. पण ते आमच्या माळावर कुणी सांगत नाही. मधला आदिलशाहीचा काळ तर आमच्या गोष्टींतून पुसूनच गेला आहे. १६६५ च्या डिसेंबरात मिर्झाराजे जयसिंगाबरोबरच्या मोहिमेत शिवाजी महाराजांच्या फौजेनं मंगळवेढ्याचा किल्ला घेतला, हे मी पुस्तकात वाचून गावात सांगितलं, तेव्हा म्हातारी माणसं माझ्याकडं संशयानं बघायला लागली. मोगलांच्या बाजूनं? मग मी पुरंदरचा तह समजावून सांगत बसलो. पटलं नसावं.

गोष्टींचा खरा सुकाळ सुरू होतो तो सांगलीकरांपासून. पटवर्धनांच्या वाटण्यांत मंगळवेढा सांगलीकडं गेला आणि पेशवाई बुडाल्यावरही तिकडंच राहिला. आजूबाजूचं सोलापूर, पंढरपूर इंग्रजांचं झालं, ते जिल्हेही इंग्रज मोडत आणि जोडत राहिले. १८३८ साली सोलापूर वेगळं केलं, १८६४ ला मोडलं, पुढं पाचसात वर्षांनी पुन्हा उभं केलं, साताऱ्याचे पंढरपूर आणि सांगोला त्याला जोडले, १८७५ ला माळशिरस जोडला. आम्ही या खटाटोपातून बाहेर. चहूकडून परमुलूख आणि मध्ये आमचा तालुका, सांगलीपासून शंभर किलोमीटर तुटलेला.

सांगलीचं संस्थान म्हणजे एक सलग प्रदेश नव्हताच. मिरज प्रांत, कुची, मंगळवेढा, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी हे त्याचे सहा तालुके. यातला शहापूर बेळगावला लागून, शिरहट्टी पार गदगच्या बाजूला. एका तालुक्यातून दुसऱ्यात जायला इंग्रजांचा किंवा दुसऱ्या संस्थानाचा मुलूख ओलांडावा लागे. तरी आज्जा शिरहट्टीच्या माणसाला आपल्याकडचा म्हणायचा. का, तर दोघांचा साहेब एक. आणि सहा कोसांवरच्या सांगोल्याचा माणूस? "त्यो विंग्रजाचा."

सारा मंगळवेढ्याला भरायचा. तेवढं अंतर गावाला सवयीचं होतं, पहाटे निघालेला माणूस कचेरी उघडायला पोचायचा. पण मंगळवेढ्याचा निकाल मान्य नसेल तर सांगली. माझ्या पणज्याचा भावकीशी बांधाचा वाद होता. दोन हात रुंदीची पट्टी, लांबी एका औताची, जमीन अशी की त्यात हुलगासुद्धा नाराजीनं उगवायचा. त्या पट्टीसाठी पणजा सांगलीला गेला. तेव्हा बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरच्या पुढं आलेली नव्हती. गाडीबैलानं जाणं-येणं, वाटेत मुक्काम, भाकरी बांधून घ्यायची, संपली की मागून खायची. तारीख पुढं ढकलली की गणपतीचं दर्शन घेऊन परत. १९२७ साली ती छोटी रेल्वे पंढरपूर-सांगोल्यावरून मिरजेपर्यंत गेली, तेव्हा पणजा म्हणाला म्हणे, आता तारखा पडल्या तरी चालतील. वादाचा निकाल लागला तोवर बांधावरची दोन्हीकडची बैलं मेलेली होती. निकाल आमच्या बाजूनं लागला. पट्टी अजून आमच्याकडं आहे, त्यात अजून काही उगवत नाही.

आमच्या आळीत संस्थानाच्या आठवणी गोड आहेत. शेवटचे राजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन शिकलेले, सुधारणेच्या बाजूचे होते, हे इतिहासही सांगतो. आज्जा त्यांचं नाव काढताना डोक्यावरचा पटका सारखा करायचा. ते त्यानं कधी पाहिलेच नव्हते, हे त्यानं शेवटच्या आजारपणात कबूल केलं. पाहिला होता तो मामलेदार, तोही लांबून.

गावाच्या दुसऱ्या टोकाला तात्या राहायचे. आज्जाच्याच वयाचे, महारवाड्यातले. आज्जा गेल्यावर मी त्यांच्याकडं जाऊन बसायला लागलो, आणि तिथं त्याच गावाची दुसरीच बखर ऐकली. सारा मंगळवेढ्याला जायचा म्हणजे कसा? पाटील घोड्यावर, कुळकर्णी दप्तर घेऊन गाडीत, आणि पैशाची थैली तात्यांच्या वडिलांच्या डोक्यावर, घोड्याच्या पुढं. दरोडा पडला तर आधी त्यांच्यावर पडायचा. त्याला वेतन नाही, वतनाची जमीन होती तीच मजुरी. तात्या पोरवयात वडिलांबरोबर जायचे. मामलेदाराचा मुक्काम गावात पडला की लाकूड, वैरण, पाणी, निरोप, रात्रीचा पहारा, सगळं त्यांच्याकडं. राजा शहाणा की मूर्ख हे त्यांना कधी कळलंच नाही, कारण वेठ दोन्हींची सारखीच.

"तुजा आज्जा कोस मोजायचा," तात्या मला म्हणाले, "कारन त्येच्या डोक्यावर वझं नव्हतं."

चोखोबांची गोष्ट मला तात्यांनी सांगितली, ती शाळेत ऐकलेल्यापेक्षा वेगळी वाटली. गोष्ट तीच. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललेलं, वेठीला लावलेल्या माणसांवर भिंत कोसळली, १३३८ साली. नामदेव आले आणि ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला घेऊन गेले. शाळेत हाडांतल्या नामापाशी गोष्ट संपायची. तात्या तिथं थांबत नसत. बाकीची हाडं कुणाची होती, ते विचारायचे. त्यांच्या घरची किती? ज्या कुसाच्या आत यांना घर बांधू देत नव्हते, ते कूस बांधताना मेलेली माणसं. औरंगजेबाच्या वैरणीपासून सुरू होणारा आमचा इतिहास त्यांच्याकडं साडेतीनशे वर्षं आधीच सुरू झालेला होता.

आज्जीचा इतिहास पुन्हा निराळा. तिचं माहेर नळदुर्गाच्या बाजूला, म्हणजे निजामाकडं. तो भाग १८५३ च्या तहात निजामानं इंग्रजांना दिला, तेव्हा मेडोज टेलर हा कादंबरीकार म्हणूनही गाजलेला साहेब नळदुर्गाला कारभार बघायचा. १८६० मध्ये इंग्रजांनी तो परत निजामाला दिला. आज्जीच्या आज्याला दोन्ही अमल आठवत होते आणि दोन्हींबद्दल त्याचं एकच मत होतं, ते इथं छापण्यासारखं नाही.

लग्न ठरलं तेव्हा देण्याघेण्याची बोलणी झाली. सत्तर रुपये कबूल केले. मांडवात मोजले तर आमच्या लोकांना ते साठच वाटले. कारण निजामाकडचा रुपया हाली शिक्का, आमच्याकडं चालायचा तो इंग्रजी कलदार, आणि सात हालीचे सहा कलदार असा भाव. सत्तर कोणते, हे बैठकीत कुणी विचारलंच नव्हतं. वरात अडली. शेवटी मध्यस्थांनी पासष्टावर मिटवलं, पण आज्जी म्हातारी होईपर्यंत सासूच्या बाजूची कुणी बाई भांडायला उभी राहिली की ते पाच रुपये निघायचे. येताना करोडगिरीच्या नाक्यावर रुखवताची भांडी उतरवून मोजली, जकात घेतली. आज्जी म्हणायची, "माजी पाटवनी हुयाच्या आदी माज्या तांब्याची झाली." नवऱ्याच्या घरी यायला तिनं दोन सरहद्दी ओलांडल्या, निजामाची आणि इंग्रजाची, आणि तिसऱ्याच राजाच्या मुलखात नांदायला आली.

१९४८ च्या मार्चमध्ये आमची सरहद्द नाहीशी झाली. त्याआधी दक्षिणेतल्या काही संस्थानिकांनी एकत्र येऊन आपलं एक संयुक्त राज्य करायचा घाट घातला होता, सांगली त्यात होती. गावात त्याचा पत्ताही लागला नाही. ८ मार्चला सांगली मुंबई प्रांतात विलीन झाली. तरी ते काही महिन्यांचं संयुक्त राज्य मला उगीचच आवडतं. त्याचा सारा भरायला कुणाला चालावं लागलं नाही, असं राज्य आमच्या इतिहासात एवढं एकच.

त्याच पावसाळ्यात आज्जीचा भाऊ बायकोपोरांसह आमच्याकडं राहायला आला. तिकडं रझाकारांचा कहर चाललेला. सोलापूरच्या हद्दीवर ठिकठिकाणी हैदराबादच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या होत्या, आणि वाटेवर निर्वासितांच्या गाड्या. मामा रात्री अंगणात बसून आज्जाला विचारायचा, "तुमचा राजा गेला, मग तुमच्यावर कोन?" आज्जाला नीट सांगता यायचं नाही. कचेरी तिथंच, मामलेदार तोच, पाटी बदललेली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. मामा पेरणीला वापसा आहे तोवर पोचायचं म्हणून घाईनं गेला. त्यानंतर रेडिओवर आणि पुस्तकांत त्याला मुक्तिसंग्राम म्हणू लागले. मामा त्याला आज्जीकडचा मुक्काम म्हणायचा.

१९४९ मध्ये जिल्ह्यांची फेरमांडणी झाली. सांगलीचा भाग नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. मंगळवेढा मात्र सोलापूर जिल्ह्याचा तालुका झाला. अक्कलकोटही असाच संस्थानातून तालुका होऊन आला. म्हणजे जिल्ह्याची कचेरी एकदम जवळ आली. आज्जाला याचा आनंद झाला असेल असं मला वाटायचं. झालं उलटंच. सांगलीला त्याच्या ओळखीचा वकील होता, धर्मशाळेत कोपरा होता, गणपतीचा पुजारी नावानं हाक मारायचा. सोलापुरात तो परका. त्या कलेक्टर कचेरीची पायरी त्यानं चढली ती थेट १९७२ मध्ये. ते पुढं येईल.

१९५६ चा १ नोव्हेंबर सगळ्यांत मोठा बदल म्हणून पुस्तकांत आहे. द्विभाषिक मुंबई राज्य झालं. आज्जीचं माहेर मराठवाड्याबरोबर आमच्या राज्यात आलं, आणि तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी म्हैसूर राज्यात गेले. एका साहेबाची रयत अशी दोन राज्यांत वाटली गेली. आज्जीला आता माहेरी जाताना नाका लागत नव्हता, पण तोवर माहेरी तिचं कुणी उरलं नव्हतं.

तात्यांच्या हिशेबात त्या वर्षीची मोठी तारीख दुसरी, १४ ऑक्टोबर. नागपूरच्या धम्मदीक्षेची बातमी आधी आली, राज्य मोठं झाल्याची अठरा दिवसांनी मागनं. पहिलीनं तात्यांच्या घरातले देव्हारे उतरले, दुसरीनं काही झालं नाही. पुढचे कायदे मात्र गावाच्या अंगाला भिडणारे होते. परगणा आणि कुळकर्णी वतनं १९५१ मध्येच गेली होती आणि कुळकर्ण्याच्या जागी पगारी तलाठी आला होता. १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन झाला, कसणारी कुळं मालक म्हणून धरली गेली. १९५९ च्या ऑगस्टात महार वतन संपलं, म्हणजे थैली डोक्यावर घेऊन चालणं कायद्यानं संपलं. ती जमीन ठरावीक रक्कम भरून पुन्हा नावावर करून घ्यायची होती. ज्यांच्याकडं रक्कम होती त्यांच्या झाल्या. तात्यांनी म्हैस विकून रक्कम भरली. आणि हो, त्यांनी पावती घेतली. ती मी पाहिली आहे, काचेच्या चौकटीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली.

माझं स्वतःचं बघितलेलं सुरू होतं ते बाहत्तरच्या दुष्काळापासून. त्या वर्षी हस्त तर सोडाच, मृगापासून एक नक्षत्र धड पडलं नाही. विहिरीच्या तळाचा गाळ काढून झाला, तरी पाणी नाही. सारं गाव खडी फोडायला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, जिथं म्हणतील तिथं. आमच्या शाळेत सुकडी मिळायची, घरी मिलोची लाल भाकरी, जी आज्जी थापताना शिव्या द्यायची, कारण तिला पापुद्राच सुटायचा नाही. मालदांडी पिकवणाऱ्या तालुक्यानं अमेरिकेची ज्वारी खाल्ली. पुढं राज्यभर कायदा झालेल्या रोजगार हमीची सुरुवात ती. आमच्या गावचं काम बंद पडलं, मजुरी थकली, तेव्हा सगळे ट्रकनं सोलापूरला गेले आणि आज्जा पहिल्यांदा कलेक्टर कचेरीत गेला. तिथल्या गर्दीत तात्या आणि आज्जा एका पायरीवर बसले होते. परत येताना दोघांनी एका ताटात भाकरी खाल्ली, असं तात्या सांगायचे. आज्जानं हे कधी सांगितलं नाही. न सांगण्याचं कारण लाज होती की त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, मला ठरवता आलेलं नाही.

बाहत्तरनंतर उजनी आलं. १९८० मध्ये धरण पुरं झालं, कालवे निघाले, तालुक्याचा उत्तर भाग उसानं हिरवा झाला. आमच्या माळाला उंची नडली, पाणी चढून यायला तयार नव्हतं. मग सुरू झाली दक्षिण मंगळवेढ्याच्या पस्तीस गावांची पाणीयोजना, म्हणजे तिच्या सभा, तिची निवेदनं, तिचे मोर्चे, मतदानावरचे बहिष्कार. मी लहान होतो तेव्हा ज्यांनी घोषणा दिल्या, ते आता आजोबा झाले. मधल्या दुष्काळांत जनावरं चारा छावण्यांत आणि बायका टँकरमागं.

त्याच सुमारास आमच्या सरहद्दीचा वाद पुन्हा पुन्हा वर यायचा. महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात अख्खा अक्कलकोट तालुका, दक्षिण सोलापूरची आणि जतची गावं म्हैसूरकडं द्यायला सांगितली होती. बदल्यात निपाणी, खानापूरची गावं आपल्याकडं. ते कुणी मानलं नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या गावांचा विषय काढला, मग सोलापूर-अक्कलकोटचा. अक्कलकोटच्या काही ग्रामपंचायतींनी कर्नाटकात जायचे ठराव केले आणि नोटिसा आल्यावर मागं घेतले. आमच्या भागातही इशारे दिले गेले. मुंबई-पुण्याच्या वाहिन्यांना वाटलं, भाषेचा प्रश्न आहे. आमच्याकडं अर्ध्या घरांत कानडी बोलतात, सोयरिकी तिकडं, बाजार तिकडं. दिवाळीच्या अमावास्येला हुलजंतीला महालिंगरायाची यात्रा भरते. मध्यरात्री शंकर-पार्वती येऊन देवळाच्या शिखराला मुंडास बांधतात अशी श्रद्धा. ते बघायला दोन्ही राज्यांतली माणसं येतात, हुन्नूरच्या बिरोबाची पालखी शिष्याला भेटते, भाकणूक होते. भाकणुकीत पाऊस कसा, पीक कसं ते सांगतात. राज्य कुणाचं राहील हे त्यात येत नाही. ठराव पाण्याचे होते. पलीकडच्या पाहुण्याच्या रानात कालवा आलेला दिसतो, एवढं साधं ते आहे.

मग पाणी थोडं आलं. कुठून, तर म्हैसाळ योजनेतून, कृष्णेचं, मिरज तालुक्यातून उचललेलं, कवठेमहांकाळ, जत करत आमच्या काही गावांच्या ओढ्यांत. सव्वाशे-दीडशे वर्षं आमचा सारा सांगलीकडं गेला. त्याचं व्याज आलं, असं मी तात्यांच्या नातवाला म्हणालो. तो पाटबंधारे खात्यातल्या वाहनावर चालक आहे, त्याला हिशेब माहीत. तो म्हणाला, "काका, लाइट बिल थकलं की पंप बंद. व्याज कसलं?"

आता गावात नवीच चळवळ आहे. आमची खालची वाडी गट ग्रामपंचायतीत आहे आणि तिला स्वतंत्र महसुली गाव व्हायचं आहे. वाडीचं म्हणणं रास्त आहे. सातबारा दुसऱ्या गावाच्या नावानं निघतो, पिकाची आणेवारी दुसऱ्या गावाची लागते, रेशन दुकान तिकडं. जमीन महसूल संहितेत तशी तरतूद आहे: ग्रामसभेचा ठराव, मोजणी, तहसीलचा अहवाल, वरून अधिसूचना. पोरं मोबाइलवर नमुने घेऊन आली, ठराव मांडला. वाडीवरची एक म्हातारी उठली आणि ग्रामसेवकाला म्हणाली, "येगळं झालाव तर टँकर दोन येनार का?" ग्रामसेवक प्रामाणिक निघाला. टँकर माणशी वीस लिटरच्या हिशेबानं येतो, म्हणाला, गावं दोन झाली तरी माणसं तेवढीच. म्हातारी म्हणाली, "मग आमचं आमी मोजून घीऊ. लिवा."

ठराव एकमतानं झाला. अडलं ते नावावर. वाडीला आजवर एका भावकीच्या आडनावानं ओळखतात. वाडीत त्यांची चार घरं, धनगरांची चाळीस, बौद्धांची बारा. पुण्याला नोकरी करणाऱ्या पोरांनी एका महापुरुषाचं नाव सुचवलं, त्यावर दुसऱ्या महापुरुषाचं आलं. बिरोबाचं नाव निघालं तर म्हणे त्या नावाची वाडी शेजारच्या तालुक्यात आहे, टपाल तिकडं जाईल. रात्री साडेदहापर्यंत चाललं. शेवटी नावाचा रकाना मोकळा सोडून प्रस्ताव पाठवला. तो परत आला आहे, नाव भरून द्या म्हणून. पुढची ग्रामसभा सव्वीस जानेवारीला आहे, आणि दोन्हीकडच्या लोकांनी मला आधीच फोन करून ठेवले आहेत की मी कुणाच्या बाजूनं बोलायचं.